चार आण्यांच्या आत

मंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी एका माणसावर ओरडत होते. खांदा धरलेला गृहस्थ, सांगितलेला व्यायाम एक दिवस करून दोन दिवस बुडवणारा, आणि वर मलाच विचारणारा की मॅडम, फरक काहून पडत नाही? साकोलीत माझा फिजिओथेरपीचा छोटासा दवाखाना आहे आणि माझं ओरडणं बसस्टँडपर्यंत ऐकू जातं असं लोक म्हणतात. सकाळचे अकरा वाजले असतील. फोन उचलून मी म्हटलं, "वहिनी, पाच मिनिटांनी लावते," तर पलीकडून ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई गेल्या वं…" मी फोन ठेवला. त्या गृहस्थाचा हात पुन्हा धरला, व्यायाम उरलेल्या सात वेळा त्याच्याकडून करून घेतला, पुढचा दिवस सांगितला, आणि तो गेल्यावर खुर्चीत बसले. माणूस गेल्याचं कळल्यावर लोक कसे कोसळतात ते मी पुष्कळ वाचलं आहे. मी आकडे मोजत राहिले, आणि अजूनही मला त्याची लाज वाटते.

कौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. एकोडीला दिलेली. तिला जाऊन आता सहा-सात आठवडे झाले. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग गावातले एक निवृत्त गुरुजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "कौसाबाईचा उजवा हात कामातून गेला होता. तिच्या भाचीनं तो परत आणून दिला. पोरीनं शिकावं तर असं शिकावं." समोर बसलेल्या बायांनी माझ्याकडे वळून पाहिलं, दोघीतिघींनी डोळे पुसले. मी खाली बसल्या बसल्या चटईची एक काडी सोलत राहिले. तिथंच उठून बोलायला हवं होतं मी. आत्याचा हात बरा झाला ही गोष्ट खरीच आहे. पण ज्या दुखण्यानं ती गेली, त्यात माझ्या तोंडच्या एका वाक्याचा वाटा आहे. हे मंदावहिनीला, म्हणजे आत्याच्या सुनेला, अर्धंमुर्धं ठाऊक होतं. गावाला काहीच ठाऊक नव्हतं. मी चहा प्यायले आणि साकोलीची बस पकडून घरी आले.

लहानपणी शाळेला सुट्टी लागली की मी एकोडीला पळायची. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शनिवार-रविवारीसुद्धा हट्ट करून जायची. आत्याच्या हाताखाली वीसेक बाया होत्या. आज याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, उद्या त्याची, असं महिनाभर चालायचं. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. सकाळी आधी पऱ्हे काढायचे, म्हणजे दाट वाढलेली धानाची रोपं मुठीत धरून उपटायची, मुळांचा चिखल पोटरीवर आपटून झाडायचा आणि पेंढ्या बांधायच्या. मग चिखल केलेल्या बांधीत एका ओळीत उभं राहून, वाकून, मागं मागं सरकत ती रोवायची. या ओळीत धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून जी उभी असते तिच्या हातावर सगळ्यांचा वेग ठरतो. ती जितकी सरकेल तितकं बाकीच्यांनी सरकायचं. एखादी मागं पडली तर तिच्या दोन्ही बाजूंना रोवलेलं उभं राहतं आणि ती मधेच कोंडल्यासारखी दिसते, मग बाकीच्या तिची अशी काही फजिती करतात की विचारू नका. धुऱ्याची ती जागा तीस वर्षं आत्याची होती, तिच्या शेजारची इंदिराबाईची. ती जागा कोणी कोणाला देत नाही. जिचा हात चालतो तिची ती असते, आणि हात थांबला की दुसऱ्याच दिवशी सकाळी तिथं दुसरी उभी राहते. त्यात रागलोभ नसतो, हे मला आत्यानंच सांगितलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ती माझ्या दवाखान्यात आली तेव्हा तिनं आधी अर्धा तास इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. बाबांची तब्येत, आईचे गुडघे, माझं वजन. मी पाण्याचा गिलास पुढे केला तर तिनं तो डाव्या हातानं घेतला. मी म्हटलं, "उजव्याला काय झालं?" म्हणाली, "काई नाई, नस चढली जराशी." मी कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी अंगठा ठेवून नुसता दाबला, तर माझी ती दगडासारखी आत्या खुर्चीतून अर्धी उठली. मग एकेक निघालं. दोन वर्षांपासून दुखत होतं. कुठंतरी कोपरात सुई घेतली होती. पहिल्या सुईनं एक अख्खी रोवणी झकास निघाली, म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा घेतली, ती धान कापणीपर्यंतही पुरली नाही, आणि तिसरीनं तर काहीच केलं नाही, उलट दुखणं वाढलं. आता तिला भाकरी थापता येत नव्हती, ओला कपडा पिळता येत नव्हता, मुठीत पऱ्हे धरले की बोटं आपोआप सुटायची. मी चिडले. माझं चिडणं म्हणजे तोंडाला कुलूप नसतं. भाची साकोलीत बसली आहे दुकान मांडून, आणि तू दोन वर्षं सुया टोचत हिंडतेस? ती शांतपणे म्हणाली, "तू आराम कर म्हंतली असती. मले आराम नाई पायजे. मले धुरा पायजे."

मी म्हटलं, आराम सांगणारच नाही. आणि ते खरं होतं, कारण या दुखण्यात नुसता आराम काही कामाचा नसतो. स्नायूला हाडाशी बांधणारा जो पांढरा, चिवट पट्टा असतो त्याला आम्ही कंडरा म्हणतो. आत्या त्याला दोरी म्हणायची. लोकांना वाटतं की दुखतंय म्हणजे आत सूज असणार, सूज उतरवली की झालं. पण जुन्या दुखण्यात सूज फारशी सापडत नाही. आतली ठेवणच बिघडलेली असते. मी तिला तिच्याच भाषेत सांगायला गेले. म्हटलं, "आत्या, चांगल्या दोरीतले धागे कसे असतात, तर तुझ्या रोवणीसारखे, एका ओळीत, एका दिशेनं. रोज रोज तोच ताण पडला आणि सावरायला वेळ मिळाला नाही की दोरी स्वतःला दुरुस्त करायला जाते, पण घाईत करते. मग धागे आवत्यासारखे पडतात." आवत्या म्हणजे रोवणी न करता बी नुसतं फेकून पेरलेलं धान, कुठं दाट, कुठं विरळ, कुठं आडवं. तिनं लगेच विचारलं, "आवत्याबी पिकते ना पन?" मी म्हटलं, "पिकतं, पण कमी, आणि मधल्या मोकळ्या जागेत तण माजतं. तुझ्या दोरीतही तसंच होतं. जिथं एरवी रक्ताच्या नळ्या जेमतेम असतात, तिथं नव्या बारीक नळ्या घुसतात, त्यांच्यासोबत नसांची टोकं घुसतात, आणि म्हणून दुखतं." तिनं डाव्या हातानं कोपर चाचपला. मग म्हणाली, "मंग आता निंदायचं कसं?"

निंदणं नव्हतंच, पुन्हा रोवणंच होतं. कंडरेला जिवंत ठेवणारी एकच गोष्ट आजवर मला माहीत आहे, ती म्हणजे ओझं. बेतानं, हळूहळू, रोज वाढवलेलं ओझं. आतल्या पेशींना ताण जाणवतो तेव्हाच त्या नवे धागे घालतात आणि ताणाच्या दिशेनं घालतात. हे काम फार सावकाश होतं, कातडीवरचा ओरखडा आठवड्यात भरतो तसं इथं होत नाही, तीन-तीन महिने लागतात, कधी जास्त. मी तिला शिकवलं. हात मांडीवर ठेवायचा, तळवा जमिनीकडे, मुठीत वजन. डाव्या हातानं उजवा पंजा वर उचलायचा आणि मग उजव्या पंजानं ते वजन एकटीनं खाली न्यायचं, हळू, पाच मोजत. पंधरा वेळा. थांबायचं. पुन्हा पंधरा. सुरुवातीला पाण्याची लहानशी बाटली, मग तीच वाळू भरलेली, मग किराण्यातलं अर्ध्या किलोचं वजन. आणि ज्या दिवशी हे सगळं शिकवलं त्याच दिवशी मी तिला तो नियमही दिला.

व्यायाम करताना थोडं दुखतंच, आणि थोडं दुखलं तर बिघडत नाही. पण किती दुखणं चालेल हे पेशंटला सांगावं लागतं. आम्ही एरवी शून्य ते दहा असा आकडा विचारतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना तो काही केल्या लागत नाही, सगळ्या दहाच म्हणतात नाहीतर हसतात. पण पिकाची आणेवारी, म्हणजे सोळा आण्यांपैकी किती आणे पीक आलं ते, त्यांना बरोबर कळते. म्हणून मी आणे वापरते. काही नाही म्हणजे शून्य, जीव नकोसा झाला म्हणजे सोळा. आत्याला म्हटलं, "चार आण्यांच्या आत दुखलं तर चालू ठेव. चार आण्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. गेलं तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि बांधीतलं कामही बंद. कळलं?" ती म्हणाली, "हव, कळलं." तिनं बोटांवर चार मोजून दाखवले. मी खूश झाले. नव्या पेशंटचा मी एक फॉर्म भरते, दोन पानांचा. त्यात बीपी आहे का, शुगर आहे का, आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, असे रकाने आहेत. आत्याचा फॉर्म मी भरला नाही. घरच्या माणसाचा फॉर्म कोण भरतं? चहा झाला, तिनं आणलेल्या पोह्याच्या चिवड्याचा डबा मी आत ठेवला आणि तिला बसमध्ये बसवून दिलं.

दर रविवारी तिचा फोन यायचा. "चार आन्याच्या आतच हाय." पुढच्या रविवारी, "तीन आने समज." पुढच्या, "दोन." मला इतका आज्ञाधारक पेशंट आजवर मिळालेला नव्हता. वजन वाढवलं की पहिले चार-पाच दिवस दुखणं थोडं वर जातं हे पुस्तकात आहे आणि माझ्या रोजच्या पाहण्यातही आहे. आत्याचं कधी वर गेलंच नाही. तिथं मला थांबायला हवं होतं. मी मात्र मंदावहिनीला फोनवर सांगितलं की जुनी हाडं, जुनं खाणं, यांची गोष्टच वेगळी. तेरा आठवड्यांनी ती आली, माझ्या टेबलावरचं भरलेलं मडकं तिनं उजव्या हातानं गळ्याशी धरून उचललं आणि खाली ठेवलं. मी रडले, आणि तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली, "अवं, मी रडाले पायजे का तू?" त्या वर्षी रोवणीला ती धुऱ्यावर उभी राहिली. पुढची दोन वर्षंही. मी आरोग्य शिबिरांत बोलायला जाते तिथं दरवेळी तिचं उदाहरण द्यायचे. माझी आत्या, साठीची बाई, सुयांनी बिघडलेला हात, एक वाळूची बाटली आणि चार आण्यांचा नियम. लोक टाळ्या वाजवायचे. एकदा मी तिला सोबत घेऊन गेले होते, ती पहिल्या रांगेत पदर सावरून बसली होती आणि मी नियम सांगत असताना मान डोलावत होती.

या फाल्गुनात मंदावहिनीनं कळवलं की आत्याचे पाय सुजतात, जेवण जात नाही, तोंडाला कसलीतरी चव येते. रक्त तपासलं आणि आकडे पाहून मी त्याच मिनिटाला फोन लावले. तिचा मुलगा वरठीला कामाला आहे, तो सुट्टी काढून आला, आणि आम्ही तिला भंडाऱ्याला नेलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दुखण्याच्या गोळ्या किती वर्षांपासून घेतात या?" मी फटकन उत्तर दिलं, "घेत नाही ती. तिच्यावर मीच उपचार केलेत." मंदावहिनी खाली बघत होती. मग तिनं पिशवीतून एक प्लास्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, घडी घालून, रबर लावून. आत्या काही टाकून देणाऱ्यांतली नव्हती. डॉक्टरांनी दोन-चार पाकिटं उलटसुलट करून पाहिली आणि हळूच म्हणाले, "रोज?" मंदावहिनी म्हणाली, "रोवनीत दोनदा. एरवी एक."

आत्याला वॉर्डात ठेवल्यावर मी तिच्याशेजारी स्टुलावर बसले. माझ्या अंगाची आग होत होती. मी म्हटलं, "कायले खाल्ल्या तू त्या गोळ्या?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरले आहे. "तूच त सांगतलं होतं," ती म्हणाली. "चार आन्याच्या वर जाऊ द्याचं नाई. मंग मी जाऊ देलं नाई." मी म्हटलं, "मी गोळी घ्यायला कुठं सांगितलं?" "नोको घेऊ असंबी नाई सांगतलं. वर गेलं त काम बंद म्हंतलं तू. मी काम बंद केलं असतं, आन धुऱ्यावर इंदिरा उभी राह्यली असती…" ती थकली म्हणून थांबली. मग म्हणाली, "पहिले आठ-दहा आने दुखे. गोळी घेतली का दोन. तुले दोन सांगो. खोटं नाई सांगतलं मी तुले कधी." आणि खरंच, ती खोटं बोलली नव्हती. मी विचारलं होतं किती दुखतं, तिनं दुखत होतं तेवढं सांगितलं. दुखणं कशानं कमी झालं हे मी विचारलंच नव्हतं. ज्या आकड्यानं मला तिच्या कंडरेवर पडणारं ओझं कळायचं होतं, तो आकडा गोळीचा होता, आणि मी तो दर आठवड्याला वहीत लिहीत होते.

मग डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला. डाव्या हाताला नळ्या जोडलेल्या असायच्या, उजवा मोकळा. एक दिवस मी तिचा उजवा हात मांडीवर घेतला आणि कोपराच्या त्याच हाडापाशी दाबलं. जोरात दाबलं. ती म्हणाली, "काय पाहून राहिली?" मी म्हटलं, "दुखतं का?" "नाई." गेले काही आठवडे तिच्या दुखण्याच्या सगळ्या गोळ्या बंद होत्या. म्हणजे हात खरोखरच बरा झालेला होता. आत कुठंतरी धागे सरळ झाले होते, पंधरा पंधरा वेळा, पाच मोजत, तिनं ते सरळ केले होते. मला याचं काय करावं ते कळेना. आनंद मानावा तर कोणत्या तोंडानं… ती त्या हातानं स्वतःचं पाणी स्वतः घ्यायची, उशी स्वतः सरळ करायची, आणि आयाबाई मदतीला आली की तिला परतवायची. पाणीही मोजून प्यायचं होतं, दिवसाला दोन-तीन गिलास. आयुष्यभर उन्हात न पिता राहिली, आणि आता तहान लागली तर आम्ही देत नव्हतो.

शेवटचं भेटणं ज्येष्ठात झालं, ती जायच्या चार दिवस आधी. एकोडीच्या घरी, दारातल्या खाटेवर. गावात पऱ्हे टाकायची तयारी चालू होती. मी बोलायचं ठरवून गेले होते. म्हटलं, "आत्या, माझी चूक झाली. मी फॉर्म भरला असता…" तिला फॉर्मचं काही कळलं नाही. ती म्हणाली, "तीन रोवन्या जास्त निघाल्या तुझ्यामुळं." मी म्हटलं, "असं नको बोलू." तर चिडली, अगदी माझ्यासारखी चिडली, आणि तेव्हा मला कळलं माझा स्वभाव कुणाकडून आला ते. "तू काहून रडून राहिली? तुले इचारलं होतं का मी? मले ठावं होतं, गोळी खराब रायते म्हनून. सारं गाव म्हंते. पन कोपर दुखे थे आज दुखे ना. किडनीचं कोनाले दिसते?" डॉक्टरांनीही मला तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. एकट्या गोळीवर सगळं ढकलता येणार नाही. बीपी होतं, ते कधी मोजलं नव्हतं, उन्हाचं काम, पाणी कमी, आणि त्यावर या गोळ्या. मी ते ऐकून घेतलं, पण मला त्यानं जराही हलकं वाटलं नाही. बीपी मोजायचं यंत्र माझ्या टेबलावर असतं.

विहारातल्या त्या कार्यक्रमानंतर बरेच दिवस मी एकोडीला गेले नाही. आषाढ सरत आला तेव्हा मंदावहिनीला भेटायचं म्हणून निघाले, आणि खरं म्हणजे तिला सगळं सांगून टाकायचं म्हणून. तो नियम माझा होता, आणि आत्यानं तो पाळला, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. घराला कुलूप होतं. शेजारचीनं सांगितलं, बाया तलावाखालच्या बांधीत आहेत. मी चपला हातात घेऊन गेले. दुपारची सुट्टी झाली होती, भाकरी खाऊन सगळ्या धुऱ्यावर ओळीनं बसल्या होत्या. आणि प्रत्येकीचा उजवा हात मांडीवर होता. प्रत्येकीच्या मुठीत वाळू भरलेली बाटली. डाव्या हातानं पंजा वर, आणि मग हळू खाली. इंदिराबाई मोठ्यानं मोजत होती, एक, दोन, तीन, चार, पाच. मी तिथंच उभी राहिले. मला आधी वाटलं, बघ, ही आत्या. वीस बायांना शिकवून गेली. मला एका दिवसात तीन माणसं व्यायाम धड करताना पाहायला मिळत नाहीत. मी इंदिराबाईला विचारलं, "आत्यानं शिकवलं?" "मंग कोन शिकवन?" ती म्हणाली. "तिच्याच हातानं भरून देल्या बाटल्या. पंधरा खेपा, पाच मोजत. आन बांधीत उतराच्या आंधी एक." मी म्हटलं, "एक काय?"

तिनं पदराच्या टोकाची गाठ सोडून गोळ्यांचं पाकीट दाखवलं. "चार आन्याच्या आत राह्यते मंग," ती म्हणाली, मला माझाच नियम समजावून सांगत. शेजारचीनं तिच्या हातातून पाकीट घेतलं, एक गोळी फोडली आणि पुढं दिलं. ते पाकीट ओळीनं सरकत गेलं. सगळ्यांत शेवटी, धुऱ्याच्या कडेला, मंदावहिनी बसली होती. तिनंही एक काढली. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही? भंडाऱ्याला डबा तुम्ही काढून ठेवला होता." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग आत्याबाईच्या जागी धुऱ्यावर कोन उभं राहील?"

मला ओरडता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल. मी तिथं चिखलात उभी राहून सांगितलं, सगळ्यांना, हळू आवाजात, जेवढं मला माहीत होतं तेवढं. आत्या मूत्रपिंडं थांबून गेली आणि ती थांबवण्यात या गोळ्यांचा मोठा वाटा होता. चार आण्यांचा नियम माझा होता. तो दुखणं दाबण्यासाठी नव्हता, दुखणं ऐकण्यासाठी होता, आणि हे मी तिला नीट सांगितलं नाही. ती काय खाऊन येते हे मी एकदाही विचारलं नाही. विहारात गुरुजींनी माझं कौतुक केलं तेव्हा मी गप्प बसले. मंदावहिनीनं हातातली गोळी तोंडात घातली नाही, टाकलीही नाही. इंदिराबाई म्हणाली, "मंग दुखलं त काय कराचं, थे सांग." रागानं नाही म्हणाली. तिला खरंच उत्तर हवं होतं. ओझं कमी करा म्हटलं तर रोवणी कोण काढणार, आणि हात चालला नाही की जागा जाते हे त्या माझ्यापेक्षा जास्त जाणत होत्या. मी म्हटलं, "आधी मला खरं सांगा. गोळी धरून नाही. गोळी घेतली नाही तर किती आणे दुखतं, तेवढं. आज कुणालाही काम बंद करायला सांगणार नाही."

मग मंदावहिनीनं उजवा कोपर डाव्या हातात धरला आणि म्हणाली, "दहा." मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाली, "दिवाईपासून." इंदिराबाईनं बाटली खाली ठेवली. "माह्यं बारा लिव्ह." मी पिशवीतून वही काढली. आठ. नऊ. बारा. एकीनं सांगितलं कोपर नाही, अंगठ्याचं मूळ, अकरा. एकेक आकडा येत गेला आणि मी लिहीत गेले, कुणाचंच चारच्या आत नव्हतं. शेवटी ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली एक तरुण बाई उरली. तिला मी ओळखत नव्हते, यंदाच लग्न होऊन गावात आलेली. ती खाली बघून म्हणाली, "सोळा." बाकीच्या सगळ्या तिच्याकडे वळल्या. मंदावहिनीनं मला सांगितलं की सकाळपासून सगळ्यांत जास्त पेंढ्या तिनंच रोवल्या होत्या.